शेअर्ड फोल्डर लॉगिनलाच जोडायचे: हाताने, स्क्रिप्टने की ग्रुप पॉलिसीने?

म्हापशातल्या सीएच्या ऑफिसात सहा कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात एक एनएएस, म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवणारा नेटवर्कवरचा डबा. वेर्ण्याच्या कारखान्यात साठ कॉम्प्युटर आणि डोमेन, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था. झेड ड्राइव्ह, म्हणजे झेड अक्षर देऊन जोडलेला शेअर्ड फोल्डर, दोघांनाही सकाळी समोर हवा, पण उपाय एकच नाही. आधी डोमेन आहे का ते बघा. विंडोज होम डोमेनला जोडताच येत नाही, त्यामुळे होमवाल्या मशिनींना ग्रुप पॉलिसी (डोमेनच्या सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम सेटिंग देण्याची सोय) विसरा.

हाताने 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून 'रिकनेक्ट ॲट साइन-इन'वर टिक केली की दोन मिनिटांत काम होते. पाच-सहा मशिनींपर्यंत ठीक. पावसाळ्यात मात्र हीच पद्धत रडवते. वीज जाऊन आली की पीसी लगेच उठतो, एनएएस मागाहून. तोवर ड्राइव्हवर लाल फुली. डबल-क्लिक केल्यावर बहुधा उघडतो, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर डबल-क्लिक करत नाही, ते सरळ 'डेटा सापडत नाही' म्हणते. एनएएसला यूपीएस द्याच.

डोमेन नसेल तर स्क्रिप्ट जास्त भरवशाची. बॅच फाइल (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) साइन-इन होताच चालणाऱ्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा: आधी 'इफ एक्झिस्ट'ने शेअर, म्हणजे एनएएसवरचा शेअर्ड फोल्डर, दिसतो का ते तपासायचे, नसेल तर दहा सेकंद थांबून पुन्हा, दिसला की 'नेट यूज झेड:' आणि शेवटी 'पर्सिस्टंट:नो', म्हणजे विंडोज जोडणी लक्षात ठेवत नाही. नुसत्या पिंगवर (मशीन नेटवर्कवर आहे का, एवढेच विचारणाऱ्या कमांडवर) विसंबू नका. एनएएस पिंगला उत्तर देतो तेव्हा शेअर सुरू झालेले असतीलच असे नाही. पासवर्ड फाइलमध्ये लिहू नका, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवा. एरर 85 आली तर ते अक्षर आधीच कुणीतरी घेतलेले आहे. 1219 म्हणजे त्याच सर्व्हरला दुसऱ्या युजरनेमने आधीच जोडणी आहे, जुनी तोडा. आणि फाइल 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवलीत तर ड्राइव्ह जोडला जातो, पण एक्सप्लोररमध्ये दिसत नाही.

हीच स्क्रिप्ट डोमेनमध्ये ग्रुप पॉलिसीतून दिली, तर विंडोज 8.1 पासून ती मुळातच पाच मिनिटे उशिरा सुटते. 'कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले' डिसेबल करा, नाहीतर 'ड्राइव्ह आला नाही'चे फोन येत राहतात.

पण डोमेन असताना स्क्रिप्ट हवीच कशाला? ग्रुप पॉलिसीत असे जा: युजर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, विंडोज सेटिंग्ज, ड्राइव्ह मॅप्स. अकाउंट्सला एक फोल्डर, स्टोअर्सला दुसरा, हे आयटम-लेव्हल टार्गेटिंगमध्ये सिक्युरिटी ग्रुप देऊन होते. माणसाचा विभाग बदलला की फक्त ग्रुप बदलायचा आणि त्याला एकदा लॉगआउट करायला सांगायचे. ॲक्शन 'अपडेट'च ठेवा. 'रिप्लेस' ड्राइव्ह तोडून पुन्हा जोडते, आणि विंडोज 8 पासून हे दर 90 ते 120 मिनिटांनी होणाऱ्या पॉलिसीच्या रिफ्रेशलाही घडते: उघडी एक्सेल फाइल मध्येच लटकते. पहिल्या लॉगिनला ड्राइव्ह न येता दुसऱ्याला येत असेल, तर 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क' चालू करा. ड्राइव्ह मॅप्समध्ये पासवर्ड साठवायची सोय सुरक्षेसाठी 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने काढली, तेव्हा ती शोधत बसू नका.

पद्धत कोणतीही घ्या, विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीला पासवर्डशिवायचे गेस्ट शेअर चालत नाहीत. जुन्या एनएएसवर आधी प्रत्येकाचे युजर बनवा.

घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणीने) येणाऱ्यांचे गणित वेगळे. लॉगिनच्या वेळी व्हीपीएनच जोडलेले नसते, म्हणून त्यांच्या डेस्कटॉपवर त्याच बॅच फाइलचा शॉर्टकट ठेवा. व्हीपीएन लागले की त्यावर क्लिक.