दुकान कुठं हुतं? : विश्रामबागेतली एक खानावळ

सांगलीत विश्रामबाग रेल्वे स्टेशनकडं जाताना एका बोळात ही खानावळ आहे. पाटीवर नाव नाही, नुसतं 'घरगुती जेवण मिळेल'. अशा पाट्या सांगलीत गल्लोगल्ली आहेत, त्यामुळं आधी जेवणाचं बोलते.

शाळूची भाकरी खानावळवाल्या मावशींच्या हातची असेल तर पातळ, पापुद्रा सुटलेली, तव्यावरनं थेट ताटात. मदतीच्या बाई थापायला बसल्या की कडा जाड राहतात, म्हणून साडेबाराच्या आत गाठावं. शेंगदाण्याची चटणी कुटलेली, तेल सुटलेली. शनिवारी अख्खा मसूर. इस्लामपूरच्या बाजूला ढाब्यांवर मिळतो तसा तर्रीदार नाही, कांदा-लसूण मसाला बेतानंच; तर्री हवी त्यांनी हायवे गाठावा. पिठलं मला पातळ वाटतं, पण आजूबाजूचे लोक परत मागून घेतात, तेव्हा ते माझ्यापुरतंच असावं.

आता गुरुवार. गुरुवारी इथं सांबार, रसम, भात आणि खोबरं घातलेली कोबीची भाजी. मावशी मूळच्या आटपाडीकडच्या. लग्न होऊन कोइमतूरला गेल्या आणि उमेदीची सगळी वर्षं तिथंच गेली, कारण गलाईचं दुकान तिथं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या वाचकांना हे फोडून सांगायला नको. बाकीच्यांसाठी: या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. सराफाकडचं जुनं सोनं घ्यायचं, तिप्पट चांदी मिसळून वितळवायचं, मग नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं ॲसिडमध्ये उतरतं, तळाला शुद्ध सोन्याची तपकिरी भुकटी राहते. ती परत वितळवली की मग ते सोन्यासारखं दिसायला लागतं. माझ्या वडिलांचं दुकान केरळात, त्रिशूरला. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि ॲसिडच्या त्या तांबूस धुराचा वास वाळत घातलेल्या कपड्यांना यायचा.

शाळा मल्याळममधली, घरात आजीची विट्याकडची मराठी. मे महिन्यात गावच्या जत्रेला यायचं ठरलेलं, त्यापायी त्रिशूरमध्ये वाढूनही पूरमचे, म्हणजे तिथल्या देवळांच्या मोठ्या उत्सवाचे, हत्ती बहुतेक वर्षी हुकले. जत्रेत चुलत भावंडं 'ए मद्रासी' म्हणून हाक मारायची. शाळा सुरू झाली की वर्गात मी 'सेट्टूची मुलगी', म्हणजे शेटची. सांगलीत नोकरीला आल्यावर जो तो विचारतो, गाव कुठलं? विट्याजवळचं म्हटलं तर, मग बोलण्याला असा हेल कसा? त्रिशूर म्हटलं तर, मग इडली झकास येत असेल! आमच्या आईनं इडलीपात्र कधी विकत घेतलं नाही. तिला गावाकडनं शाळूचं पोतं आलं नाही की करमायचं नाही.

मावशींनी यातलं काही विचारलं नाही. गुरुवारी मी सांबार-भात पाची बोटांनी कालवत होते, ते बघून एवढंच म्हणाल्या, "दुकान कुठं हुतं तुमचं?" त्रिशूर म्हटल्यावर, "आप्पा हायत का अजून तिकडं?" बास. रसमची वाटी पुढं सरकवून त्या भाकरीकडं वळल्या. मला सगळं मुळापासून सांगायची इतकी सवय झालेली की पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

म्हणून इथं मला घर सापडलं असं मात्र कुणी समजू नये. मावशींचं सांबार कोइमतूरचं. त्रिशूरला आमच्या शेजारणी खोबरं खरपूस भाजून, वाटून सांबारात घालायच्या. ते गडद आणि दाट व्हायचं. इथलं पातळ आहे, आंबटाकडं झुकणारं, चांगलं आहे, पण माझं नाही. फोडणीला शेंगतेल. खोबरेल तेलाचं मी एकदा सुचवून बघितलं. "खोबऱ्याचं त्याल डोक्याला लावत्यात गं," हे उत्तर! परक्यात मावशींनीही आपल्यापुरतं काय घ्यायचं नि काय टाकायचं ते ठरवलेलं दिसतं, आणि आमच्या दोघींचं ते जुळत नाही. तरी गुरुवार मी चुकवत नाही.

तक्रारीही आहेत. हात धुवायला एकच नळ, तोही बाहेर. टीव्ही मोठ्यानं लावलेला असतो. दुपारी दोननंतर भाजी संपते आणि मग बटाटा पुढं येतो. गाडी लावायला जागा नाही, बोळाच्या तोंडाशी लावून चालत यावं. ताजं ताक मात्र न मागता मिळतं आणि त्याचे पैसे धरत नाहीत.

ताट शंभर रुपयांचं, रविवारी बंद. डबा हवा असेल तर आदल्या रात्री सांगून ठेवावं. केरळचा लाल मट्टा तांदूळ आपण नेऊन दिला तर शिजवून देतात. माझा पहिला किलो त्यांनी कुकरला तीन शिट्ट्या देऊन बाहेर काढला, दाणे दाताखाली कचकचत होते. आता उघड्या पातेल्यात, भरपूर पाण्यात, तासभर ठेवतात आणि वरची पेज गाळून काढतात. शिजवायचे पैसे घेत नाहीत, पेज मात्र स्वतःला ठेवून घेतात.