शेड तापवायची बुखारी घेताय? आधी काट्यावर ठेवा

निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आली की नाशिकच्या आसपास दोन गोष्टी सुरू होतात. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि प्रदर्शनांत, रस्त्याच्या कडेला बुखाऱ्या, म्हणजे लाकडावर पेटणाऱ्या लोखंडी शेगड्या, विकणारे दिसू लागतात. त्यातल्याच एकाने मला साडेअठरा हजारांना फसवलं. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण त्या बुखारीपायी घरातलं माणूस दगावलं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला. मागच्या मोकळ्या जागेत वीस बाय दहाची पत्र्याची शेड आहे, तिथे मी गावरान कोंबड्यांची पिल्लं वाढवते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी केली तरी चालते. एरवी बल्बांवर भागतं. पण ऐन थंडीत रात्री लाइट गेली की पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून लाकडावर चालणारी बुखारी हवी होती.

विक्रेता बोलायला गोड. “ताई, चार एमएमचा पत्रा आहे, दहा वर्षं बघायला नको. दोन किलो लाकडात अख्खी रात्र निघते. आणि धूर दिसतोय का कुठे?” त्याने समोर पेटवून दाखवलेल्या बुखारीतून खरंच धूर येत नव्हता. आत लाकूड नव्हतंच, कोळसा होता आणि दाखवायला वर बाभळीच्या दोन सुक्या ढलप्या. हे शेजारच्या स्टॉलवाल्याने नंतर सांगितलं. पेटलेल्या कोळशाला धूर जवळजवळ नसतोच.

दोन किलोंचा हिशोब प्रत्येकाने करून बघावा. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे दोन किलोंत आठ युनिट. रात्र दहा तासांची धरली तर सरासरी आठशे वॅट, तेही कणभर वाया गेलं नाही असं मानून. पातळ पत्र्याच्या बुखारीत निम्मी उष्णता धुराड्यातून बाहेर जाते. उरले चारशे वॅट. खोलीत लावतो तो साधा हीटर दोन हजार वॅटचा असतो आणि तो लावूनही उघड्या पत्र्याची शेड तापत नाही. लाकूड ओलं असेल तर बोलायलाच नको, बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आपल्याकडे फुकट मिळतात, पण त्या भराभर जळून जातात, रात्रभर टिकत नाहीत. कोणी कितीही शपथेवर सांगू दे, लाकडात जेवढी उष्णता आहे तेवढीच मिळणार.

आता पत्र्याचं. घरी आलेला नग प्रदर्शनातला नव्हता. तसाच काळा रंग, तसंच दार, पण दोघांनी सहज उचलून शेडमध्ये नेला. दाराच्या तोंडाशी पत्रा जाड दिसत होता, कारण कड आत मुडपून दुहेरी केली होती आणि वरून रंगाचे थर दिले होते. सातपूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये उभी हयात घालवलेले शेजारचे काका आले, त्यांनी बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, “पोरी, हा डब्याचा आवाज आहे. वजन कर.” लोखंडी पत्र्याचं वजन ठरलेलं असतं. एक चौरस फूट, एक एमएम जाड, म्हणजे सुमारे 730 ग्रॅम. आमची बुखारी दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. सगळ्या बाजू मिळून साडेसोळा चौरस फूट. चार एमएमचा पत्रा असता तर नुसती पेटी 48 किलोंच्या आसपास भरायला हवी होती. भाजीच्या क्रेट तोलतात त्या काट्यावर ती पाय, दार, जाळी सगळं धरून 17 किलो भरली. म्हणजे पत्रा दीड एमएमचाही नव्हता. थोड्याच दिवसांत तिचा तळ लाल होऊन खाली बसला आणि कोपऱ्याची शिवण उसवली.

धुराड्याचा पाइप “स्टेनलेस, तीनशे चार” म्हणून दिला होता. तीनशे चार या प्रतीच्या स्टीलला लोहचुंबक सहसा लागत नाही. या पाइपला फ्रिजवरचं चुंबक टपकन चिकटलं. साधा जस्त चढवलेला पाइप होता तो. जस्त 419 अंशांना वितळतं, आणि बुखारीच्या लगत पाइप चांगलाच तापतो. पेटवल्याबरोबर पाइपावरून पांढुरका धूर निघाला, घशात खवखव सुरू झाली. जस्ताच्या वाफेने थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंग करणाऱ्यांना हे विचारा. पैसे दहा फूट पाइपाचे घेतले, बसवला पाच फूट. तोही उभा छपराच्या वर न काढता आडवा बाजूच्या पत्र्यातून, लाकडी वाशाला अगदी खेटून. वारा समोरून आला की सगळा धूर आत.

पण सगळ्यात मोठं खोटं होतं ते “धूर नाही म्हणजे धोका नाही” हे. याचा मला अजून संताप येतो. विक्रेत्याच्या सांगण्यावरून आम्ही झोपताना निखाऱ्यांवर बुखारीची हवा बंद केली आणि थंडी आत येऊ नये म्हणून शेडच्या फटी गोणपाटाने बुजवल्या. माझ्या सासूबाई पिल्लांजवळ बाजेवर बसल्या होत्या. त्यांचं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. अंगणात आणून बसवलं तसं बरं वाटलं, आत गेल्या की पुन्हा तेच. ही निखारे अपुऱ्या हवेत धुमसले की सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची लक्षणं. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट धरून बसतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. त्या रात्री आठ-दहा पिल्लं गेली. सासूबाई वाचल्या, कारण त्या जाग्या होत्या.

विक्रेत्याला फोन केला तर “ताई, लाकूड ओलं असेल.” मग “गॅरंटी फक्त वेल्डिंगची.” मग फोन उचलणंच बंद. पैसे ज्या यूपीआयवर घेतले ते नाव दुकानाचं नव्हतंच, आणि बिल म्हणून दिलेल्या कागदावर वर बारीक अक्षरांत “एस्टिमेट” छापलं होतं. जीएसटी नंबर नाही, पत्र्याच्या जाडीचा उल्लेख नाही. “पक्कं बिल घेतलं तर उगाच टॅक्स भराल” असं तो विकताना सांगत होता, त्यामागचं कारण हेच.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. काट्यावरच्या बुखारीचा फोटो, चुंबक चिकटलेल्या पाइपाचा व्हिडिओ, यूपीआयची पावती आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे “चार एमएम गॅरंटीड” हे शब्द, सगळं जोडलं आहे. तुमच्याकडेही असाच नग आला असेल तर तो भंगारात देऊ नका, आधी वजन करून फोटो काढा. आणि तोवर तो पेटवलाच तर शेडमध्ये कोणाला झोपू देऊ नका.