बाटली भरू की दगड उलटू?

पलूसकडच्या ओढ्यात मासे पांढरी पोटं वर करून तरंगले, तसा भाच्याचा फोन. "मामा, पाणी लॅबला देऊ की दगडाखालचे किडे बघू?"

पैशांचं सोपं आहे. दगड फुकट, लॅबला प्रत्येक घटकाचे वेगळे पैसे.

खरा प्रश्न वेळेचा. रसायन वाहून कृष्णेला मिळालं की उद्याची बाटली 'सगळं ठीक' म्हणेल. किडे तिथेच महिनोन् महिने राहतात. सांडपाण्याचा नाला मिसळतो त्याच्या वरच्या अंगाचा दगड उलटला, तर शेपटीला तीन धागे असलेल्या मेफ्लायच्या (स्वच्छ पाणी लागणारा किडा) अळ्या दिसतात. नाल्याच्या खालच्या अंगाला घाणीतही तगणाऱ्या लाल अळ्याच नुसत्या वळवळत असतील, तर काय ते समजा. पण नेमकं कोणतं रसायन, हे किडा सांगत नाही.

लॅब आकडा देते. माशांसाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, पीएच (पाणी किती आंबट-खारं) ६.५ ते ८.५. मात्र ऑक्सिजन काठावरच मोजायचा, बाकी बाटल्या बर्फात. (पेप्सीची बाटली नको रे बाबा!)

मासे आजच मेले असतील तर आधी बाटली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन. कोर्टात त्यांनी रीतसर घेतलेला नमुनाच लागतो. आठवडा उलटला असेल, किंवा ओढा सावरतोय का बघायचं असेल, तर दगड.