गावभागातला ज्येष्ठांचा मोबाईल वर्ग : जिना सोडला तर पैसे वसूल

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. सुरुवात पेटीतली तिकिटं पंच करण्यापासून, शेवट तिकिटाच्या मशिनवर. त्यामुळं मशिनचं भय मला नव्हतं. भय होतं पोराचं. फोनवर काही अडलं की "द्या इकडं" म्हणून हातातून घेणार, दोन अंगठे फिरवणार, "झालं" म्हणून परत देणार. काय झालं ते त्याचं त्याला ठाऊक.

सांगलीत गावभागात एका वाड्याच्या माडीवर हा वर्ग चालतो. आठ दिवस, रोज दीड तास, ६०० रुपये, एका वेळी सहाच जण. शिकवणारी मुलगी तिशीची असेल. ती आपल्या फोनला बोट लावत नाही. हात मागं बांधून उभी राहते आणि "काका, खालचं बटण" एवढंच म्हणते. चारदा चुकलं तर पाचव्यांदा सांगते, आवाज न चढवता. मला तरी हे प्रवाशांच्या बाबतीत कधी जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी ई-संजीवनी. सरकारी सोय आहे, फुकट. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली सुरू झालेली, मला आत्ता कळली. नंबर टाकायचा, ओटीपी भरायचा, तक्रार लिहायची, रांगेत थांबायचं, मग व्हिडिओवर डॉक्टर. मी सवयीनं पोराचाच नंबर टाकला. ओटीपी गेला पुण्याला आणि लगेच त्याचा फोन, "बाबा, कुणाला काही सांगू नका, फ्रॉड आहे!" सगळा वर्ग हसला. सरावाच्या व्हिडिओ कॉलवर शेजारचे निवृत्त तलाठी मला फक्त कानच दाखवत होते, कारण फोन म्हणजे कानाला लावायचा.

खरी परीक्षा घरी झाली. बायकोचे घोटे सुजले होते. डॉक्टर म्हणाल्या, "अंगठ्यानं दाबून धरा, दहा अंक मोजा, मग कॅमेरा जवळ न्या." कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला, आणि तो लवकर भरेना. मग गोळ्यांची पाकिटं मागितली. आपल्याला पडद्यावर अक्षरं उलटी दिसतात, पण समोर सरळ जातात, हे वर्गातच कळलं होतं, नाहीतर मी पाकीट उलटंपालटं करत बसलो असतो. बीपीच्या गोळीतल्या अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजू शकतात, पण गोळी मनानं बंद करू नका, लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) तपासून नेहमीच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, असं सांगितलं. चिठ्ठी फोनवरच आली. मिरजेला जावं लागलंच, पण रिपोर्ट हातात घेऊन, एका खेपेत. गोळी बदलली, सूज उतरली.

शेवटचे दोन दिवस यूट्यूबवरून शिकण्याचे. आमच्यातल्या एक बाई मोडी लिपी गिरवतायत. मी वाजवायच्या पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे धडे लावतो. त्यापुढं काही विशेष नाही.

आता तक्रारी. जे छापील कागद देतात त्यांची अक्षरं मुंगीएवढी. ज्येष्ठांचा वर्ग आणि वाचायला भिंग! आणि तो लाकडी जिना. उभा, अंधारा, कठड्याच्या जागी दोर. बायकोला पुढच्या तुकडीत घालायचंय, पण तिच्या पायांना तो झेपणार नाही. खाली ओसरी रिकामीच असते, तिथं बसवा म्हणून मॅडमना दोनदा सांगितलंय. वाडामालकाला विचारते म्हणाल्या.