ताकायासू आर्टरायटिस आणि घराण्यातली चरबी: आधी कोणती तपासणी?

ज्यांना ताकायासू आर्टरायटिस (मोठ्या धमन्यांना दाह होऊन त्या अरुंद होण्याचा आजार) आहे आणि ज्यांच्या घरात कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आलेला आहे, त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो असा, की नेहमीची लिपिड प्रोफाइलच (रक्तातल्या कोलेस्टेरॉल वगैरे चरबीची तपासणी) वरचेवर करत राहावे, की लिपोप्रोटीन स्मॉल-ए (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) एकदा मोजून घ्यावे. मी दोन्ही केल्या आहेत.

लिपिड प्रोफाइलचे मोल मी कमी लेखत नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचा निर्णय एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पाहिल्याशिवाय होत नाही. पण माझे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सकाळच्या न्याहारीनंतरचे, आणि लॅबचा आग्रह बारा तास उपाशी येण्याचा. फोंड्याहून पणजीला जाऊन रक्त देईपर्यंत गोळी लांबायची आणि दिवसभर अंग मोडून यायचे. एवढे करून आकडा तरी स्थिर असावा? रोग उसळला की कोलेस्टेरॉल खाली, स्टिरॉइड वाढवले की वर, टोसिलिझुमॅब हे दाह कमी करणारे इंजेक्शन सुरू झाले की आणखी वर. मागच्या रिपोर्टशी ताडून पाहावे, तर मधल्या काळात औषधच बदललेले. माझा कल ठरला तो या त्रासामुळे.

लिपोप्रोटीन स्मॉल-एची पातळी मुख्यतः एलपीए जनुक ठरवते, तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, आणि युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने ती आयुष्यात एकदा तरी मोजण्याचा विचार करावा. दाहाचा थोडा परिणाम तिच्यावरही होतो आणि टोसिलिझुमॅबने ती उतरते. म्हणून जमल्यास रोग शांत असताना आणि ते इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी रक्त द्यावे. साधारणपणे 50 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा 125 नॅनोमोल प्रति लिटर यापेक्षा जास्त पातळी धोक्याची मानतात, तेव्हा रिपोर्टवरचे एकक आधी पाहावे.

स्टॅटिनने ही पातळी उतरत नाही, मग कळून उपयोग काय, असे मला एका डॉक्टरांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे. तरीही माझ्या बाबतीत तो आकडा आल्यावरच एलडीएलचे लक्ष्य अधिक खाली नेले गेले, आणि डाव्या मनगटात नाडी लागत नसल्यामुळे रक्तदाब उजव्या दंडावरच मोजायचा, ही शिस्तही घरात पक्की झाली. धाकट्या भावाला ताकायासू नाही, पण त्याचीही पातळी जास्त निघाली. एरवी त्याने तपासणी केलीच नसती.

म्हणून, आपल्या डॉक्टरांचे मत वेगळे नसेल तर, आधी लिपोप्रोटीन स्मॉल-ए करावे, आणि लिपिड प्रोफाइल औषधांचा डोस काही आठवडे स्थिर राहिल्यावर करावी, असे मी सुचवेन.