तिसरी चाचणी कोणती: किंडलिंग की ६ हर्ट्झ?

अपस्माराचे झटके रोखू शकेल असे नवे संयुग हाती आले की उंदरांवर एमईएस (विजेच्या जोरदार धक्क्याने झटका आणणे) आणि त्वचेखालून पीटीझेड (झटका आणणारे रसायन टोचणे) या दोन चाचण्या आपण करतोच. पण लेव्हेटिरासिटामसारखे अपस्मारावरचे प्रचलित औषध या दोन्ही गाळण्यांतून निसटते, म्हणून तिसरी चाचणी जोडावी लागते. ती पीटीझेड किंडलिंगची (त्याच रसायनाच्या लहान मात्रा वारंवार देण्याची) असावी की ६ हर्ट्झची (डोळ्यावाटे कमी वारंवारतेचा विजेचा धक्का देण्याची)? नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या प्रयोगशाळेत मी दोन्ही केल्या आहेत.

किंडलिंगची बाजू भक्कम आहे. एरवी झटका न आणणारी, किलोमागे साधारण ३५ मिलिग्रॅमची पीटीझेडची मात्रा एक दिवसाआड देत गेले की काही आठवड्यांनी त्याच मात्रेला पूर्ण झटका येऊ लागतो, म्हणजे मेंदूच बदललेला असतो. ६ हर्ट्झमध्ये निरोगी उंदराला एकदाच विजेचा धक्का बसतो; आजाराची वाटचाल त्यात नाही.

तरीही माझा कौल फिरला तो त्या एक दिवसाआडच्या वेळापत्रकामुळे. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जातो. एका जुलैत पीटीझेडच्या नवव्या डोसच्या दिवशी रुळांवर पाणी आले, गाड्या सुटल्याच नाहीत आणि डोस दुसऱ्या दिवशी द्यावा लागला. त्यानंतर काही उंदरांचे झटके तीव्रता पायऱ्यांनी मोजणाऱ्या रॅसीनच्या मोजपट्टीवर चौथ्या पायरीवरून खाली आले, काहींचे तसेच राहिले, आणि हा गुण औषधाचा की पडलेल्या खंडाचा, हे सांगता येईना. तो गट बाद करावा लागला. त्या जिवांनी महिनाभर सोसलेले हिशेबाबाहेर गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

६ हर्ट्झचे काम एका दिवसात आटोपते. डोळ्यात भुलीचा थेंब, कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) ३ सेकंद प्रवाह, की उंदीर जागीच थिजतो, मिशा थरथरतात, शेपूट ताठ उभी राहते. औषध लागू पडले असेल तर १० सेकंदांच्या आत तो हुंगत फिरू लागतो. मिशांची थरथर टिपायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि पाहणाऱ्याला डोस ठाऊक नसणे इथे विशेष गरजेचे आहे. शिवाय प्रवाह ३२ वरून ४४ मिलिअँपिअरवर नेला की बरीच औषधे मागे पडतात, त्यामुळे हट्टी झटक्यांपुढे आपले संयुग कितपत टिकते, याचा अंदाज त्याच यंत्रावर येतो.

अपस्मार जडण्याची प्रक्रियाच थोपवणे हा तुमच्या संयुगाचा दावा असेल, तर मात्र किंडलिंगला बगल देता येणार नाही. अशा वेळी प्रयोगशाळेपासून पायी अंतरावर राहणारा एखादा सहकारी पहिल्या डोसपूर्वीच ठरवून ठेवावा.