ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: मशीन चालू आहे, पण ऑक्सिजन येतोय का?

सिलिंडर रिकामा झाला की काटा शून्यावर येतो आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ते दिसतं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरचं तसं नाही. शुद्धता उतरत गेली तरी दिवा लागलेला असतो, पंखा फिरत असतो, प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी मिनिटाला ५ लिटरवर डोलत असते आणि नळीतून वारा येत असतो. तो वारा ९३ टक्के ऑक्सिजन आहे की ५० टक्के, हे हात लावून कळत नाही. म्हणून मिनिटाला ५ आणि १० लिटर देणारे कॉन्सन्ट्रेटर तोलायचे ते एकाच कसोटीवर: वीज बेभरवशाची, हवा धुळीची, तंत्रज्ञ लांब, अशा लहान रुग्णालयात तिसऱ्या वर्षी त्यातून काय बाहेर पडतं?

यंत्र मुळात साधं आहे आणि हाच त्याचा मोठा गुण. कॉम्प्रेसर खोलीतली हवा ओढतो, दाबतो आणि झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाच्या दाण्यांनी भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने पाठवतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. काही सेकंदांनी व्हॉल्व्ह बदलतो, दाब सुटतो आणि धरलेला नायट्रोजन फुस्स करून बाहेर पडतो. हवेतला एक टक्क्याच्या आसपासचा आर्गॉन ऑक्सिजनबरोबरच निसटतो, म्हणून अगदी नवं मशीनही साधारण ९५-९६ टक्क्यांच्या वर जात नाही. १०० चा दावा कुणी केला तर तिथेच सावध व्हावं.

बिघाडाची सुरुवात बहुधा मागच्या स्पंजच्या जाळीपासून होते. धुळीने ती चोंदली की कॉम्प्रेसरला हवा कमी पडते, तो तापतो आणि शुद्धता घसरते. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुवायची, पिळायची, पूर्ण वाळवायची; धूळ जास्त असेल तर दर दोन-तीन दिवसांनी. ओली जाळी परत बसवणं ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे, कारण झिओलाइटचा खरा वैरी धूळ नसून ओल आहे. दाण्यांनी पाणी धरलं की नायट्रोजनला जागा उरत नाही, आणि ते पाणी मशीन चालवून पुरतं निघत नाही. त्यासाठी प्रत्येक मशीनमागे दोन जाळ्या ठेवाव्यात: एक वाळत, एक कामावर. आतला इनटेक फिल्टर मात्र धुवायचा नसतो, काळा पडला की बदलायचा. मशीन भिंतीपासून आणि पडद्यापासून ३० सेंटीमीटर तरी लांब हवं.

ओलीमुळेच हे यंत्र राखून ठेवण्याची वस्तू नाही. ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून सहा महिने दमट भांडारात ठेवलेलं कोरं मशीन रोज चालणाऱ्या जुन्या मशीनपेक्षा वाईट निघू शकतं. वापर नसला तरी महिन्यातून एकदा काही तास चालवावं.

आता मोजमापाकडे. शुद्धता मोजणारा ऑक्सिजन अ‍ॅनालायझर नसलेल्या रुग्णालयाने कॉन्सन्ट्रेटर घेऊच नये, इतकं आमचं मत ठाम आहे. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या प्रकारचा घ्यावा. त्यात संपणारा सेल नसतो आणि बरेच मॉडेल शुद्धतेबरोबर प्रवाहही मोजतात. गॅल्व्हानिक सेलचा अ‍ॅनालायझर चालतो, पण सेल ठरावीक काळाने मरतो, मग तोच अडगळीत जातो. पद्धत सोपी: ह्युमिडिफायरची, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली काढा, प्रवाह कमाल आकड्यावर ठेवा, १५ मिनिटं मशीन चालू द्या, मग थेट मशीनच्या ऑक्सिजन बाहेर पडणाऱ्या तोंडाशी मोजा. २ लिटरवर मोजून समाधान मानू नका. थकलेले दाणे कमी प्रवाहाला ९० दाखवतात आणि ५ लिटरला कोसळतात. आकडा ८२ च्या खाली गेला की मशीन वॉर्डातून बाहेर काढायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तांत्रिक निकषांतही हीच किमान मर्यादा आहे. शुद्धता उतरल्यावर दिवा लावून ओरडणारा सेन्सर काही मॉडेलमध्ये असतो, काहींत नसतो. तो नसलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

आकडा कमी आला की थेट झिओलाइटवर ठपका ठेवला जातो, आणि इथेच पैसा वाया जातो. आधी जाळी आणि इनटेक फिल्टर पाहा. मग गळती: जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतील. नंतर कॉम्प्रेसरचा दाब. तो सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर पिस्टनचे कप सील झिजलेले असतात, आणि सीलचं किट बसवलं की कॉम्प्रेसर पुन्हा उभा राहतो. थंड करणारा पंखा बंद पडला असेल तर हवा तापलेलीच नळकांड्यांत शिरते आणि गरम झिओलाइट नायट्रोजन कमी धरतो. व्हॉल्व्ह अडकला तर एकच नळकांडं काम करतं. ‘फुस्स’ची लय बिघडल्याचं कानालाच कळतं. हे सगळं ठीक असेल तरच दाणे बदलायचे, दोन्ही नळकांडी एकदम, आणि नव्यांची टोपणं बसवण्याच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत. नळीतून पांढरी भुकटी येत असेल तर दाणे आत सैल होऊन घासले जाताहेत. असं मशीन लगेच बंद करा.

विजेचा विषय छोटा, पण जीवघेणा. कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो आणि सुरू होत नाही, तेव्हा पहिला संशय कपॅसिटरवर. तो स्वस्त असतो आणि साध्या मीटरने तपासता येतो. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं, १० लिटरचं ६०० च्या आसपास. व्होल्टेज स्टॅबिलायझर त्याहून बराच मोठा हवा, कारण सुरू होताना मोटर जास्त ओढते. वीज गेली की ऑक्सिजन थांबतो, म्हणून भरलेला सिलिंडर शेजारी असलाच पाहिजे.

देणगीत आलेल्या मशीनची पाटी वाचल्याशिवाय ते प्लगला लावू नये. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं मशीन ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर चालवलं जातं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरते, हवा कमी येते, वाइंडिंग तापतं.

ह्युमिडिफायरची बाटली हा गळतीचा आवडता कोपरा. नळी बोटाने दाबून बंद करा. गोळी शून्यावर आली तर ठीक, तरंगत राहिली तर झाकणाशी गळती आहे. नाकातल्या नळीने नेहमीच्या कमी प्रवाहाला ओलावा लागत नाही, म्हणून बाटली काढून टाकणं अनेकदा उत्तम.

५ की १०? नवजात बाळाला ०.५ ते १ लिटर पुरतो, त्यामुळे बालवॉर्डात ५ लिटरचं एक मशीन प्रवाह अनेक नळ्यांत वाटणारा फ्लो स्प्लिटर लावून चार-पाच बाळं सांभाळू शकतं. प्रौढांसाठी १० लिटरचं सोयीचं, पण ते जड, जास्त तापणारं आणि जास्त आवाज करणारं. दोन ५ लिटरची आम्हाला अधिक पटतात: एक बिघडलं तर दुसरं उरतं. पापुआ न्यू गिनीतल्या ५ रुग्णालयांत कॉन्सन्ट्रेटर आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारे पल्स ऑक्सिमीटर एकत्र आले, तेव्हा न्यूमोनिया झालेल्या मुलांमधलं मृत्यूंचं प्रमाण ४.९७ टक्क्यांवरून ३.२२ टक्क्यांवर आलं. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राची ताकद एवढी आहे, म्हणूनच त्याच्या देखभालीबद्दल इतकं आग्रही राहावं लागतं.

खरेदीच्या आदेशातच हे लिहून घ्यावं: प्रत्येक मशीनमागे २ स्पंज जाळ्या, दरवर्षासाठी १ इनटेक फिल्टर, १ बॅक्टेरिया फिल्टर आणि फ्यूज, दर ५ मशीनमागे नळकांड्यांची १ जोडी, १ सील किट, १ कपॅसिटर, १ व्हॉल्व्ह. सोबत सर्व्हिस मॅन्युअल, नुसतं वापराचं पुस्तक नव्हे. विक्रेता ते द्यायला तयार नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा.

कॉन्सन्ट्रेटरला आमचे गुण ५ पैकी ४. अ‍ॅनालायझर नसलेल्या ठिकाणी १.